थांबलेला सरकता जिना

आमच्या कॉलनीजवळचा मॉल नवा होता तेव्हा आई त्याच्या सरकत्या जिन्यासमोर निऱ्या मुठीत धरून बराच वेळ उभी राहिली होती. पायऱ्या जमिनीतून उगवत होत्या, ती पाऊल पुढे करीत होती आणि पुन्हा मागे घेत होती. अखेर वहिनीने हात धरून तिला वर नेले. उतरताना मात्र ती कोपऱ्यातला साधा जिना शोधून त्यानेच खाली आली.

त्या मॉलमध्ये आम्ही खरेदी फारशी केली नाही. साड्यांसाठी आई सीतलामाता बाजारच गाठत असे, कारण घासाघीस केल्याशिवाय घेतलेली साडी तिला महागच वाटे. आम्ही जात होतो ते गारव्यासाठी. इंदूरच्या मे महिन्यात, डांबर मऊ पडलेल्या दुपारी, काचेचे दार उघडताच अंगावर येणारी ती थंड हवा फुकट होती, आणि तिच्यात दोन तास हिंडून एका आइस्क्रीमवर भागवणे आम्हाला मुळीच गैर वाटत नसे.

मॉलची कल्पनाही मुळात हवेवरूनच निघालेली आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात, मिनियापोलिसच्या एडिना या उपनगरात, १९५६ साली व्हिक्टर ग्रूएन या वास्तुविशारदाने पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित असा साउथडेल मॉल उभा केला. तिथला प्रश्न उन्हाचा कमी आणि हाडे गोठवणाऱ्या थंडीचा अधिक होता. ग्रूएन मूळचा व्हिएन्नाचा. गाडीशिवाय घराबाहेर न पडणाऱ्या उपनगरी माणसाला चालायला, बसायला, गप्पा मारायला एक चौक मिळावा, भोवती घरे, शाळा, बागा असाव्यात, असा त्याचा बेत होता. बांधली गेली ती दुकाने, आणि भोवती गाड्यांचे मैदान. उतारवयात त्याने मॉलचे पितृत्वच नाकारले. आपल्याकडे मुंबईचे क्रॉसरोड्स आणि दिल्लीचा अन्सल प्लाझा १९९९ च्या सुमारास आले आणि पुढच्या दहा वर्षांत ते लोण आमच्यासारख्या शहरांत पोहोचले.

आमच्या मॉलची गोष्ट बिघडली ती, माझ्या मते, बिल्डरने गाळे सुटे सुटे विकले तिथे. देशातल्या त्या काळच्या पुष्कळ मॉलचे असेच झाले. एकच मालक सगळे गाळे भाड्याने देतो तेव्हा कोणाशेजारी कोण बसेल हे तो ठरवतो, आणि मोठ्या दुकानाला मुद्दाम स्वस्तात जागा देतो, कारण त्याच्या ओढीने आलेला माणूस वाटेतल्या लहान गाळ्यांवरून जातो. इथे गाळ्यागणिक मालक वेगळा. तळमजल्यावरचे मोठे दुकान गेले, तेव्हा त्याच्या जागी कोणाला आणावे हे ठरवणारेच कोणी नव्हते. मग मेंटेनन्सची रक्कम थकू लागली. आधी मधल्या मोकळ्या जागेतला एसी बंद झाला, नंतर कारंजे, शेवटी सरकता जिना.

इंदूरच्या सराफा बाजारातही प्रत्येक दुकानाचा मालक निराळाच असतो, ही गोष्ट मला पुष्कळ दिवस छळत होती. दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो आणि दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांपुढे गराडू, भुट्ट्याचा कीस, जलेबीच्या कढया मांडल्या जातात; तरी तो बाजार टिकून आहे. पण सराफ्याला छत नाही. तिथली हवा कोणाला विकत आणावी लागत नाही, म्हणून तिची वर्गणी थकण्याचाही प्रश्न येत नाही.

२०२२ च्या अखेरीस बायपासला फीनिक्स सिटाडेल हा नवा मॉल सुरू झाला आणि कॉलनीतली तरुण मुले तिकडे वळली. आमच्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर आता एक कोचिंग क्लास भरतो. भाच्याला सोडायला मी जातो तेव्हा त्या बंद जिन्यानेच चढावे लागते. त्याच्या पायऱ्या घरच्या जिन्यापेक्षा उंच आहेत, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवताच, तो हलणार नाही हे पक्के ठाऊक असूनही, शरीर आपोआप पुढे झुकते. दर खेपेला माझा हात कठड्याकडे जातो. काळ्या रबरावर धूळ असते, ती रुमालाला पुसत मी वर जातो.