भिंतीवरच्या त्या बोटीबद्दल

माझ्या भिंतीवरच्या फोटोतली बोट कुठली, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय निघाला की आमच्या घरचे उठून आत जातात. माझं पुण्यात फर्निचरचं वर्कशॉप आहे, तिथे भिंतीवर गणपतीच्या शेजारी एका तांबूस लाकडी बोटीचा मोठा फोटो लावलाय, पांढऱ्या-फिरोजी सीट्सवाली बोट, आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक चहा पिता पिता विचारतंच, काका ही कुठली यॉट, आणि तुमचा तिच्याशी काय संबंध, पोहायला तरी येतं का? (येत नाही.)

तर ती रीवा आक्वारामा. उत्तर इटलीत इझेओ नावाचं सरोवर आहे, त्याच्या काठावर सार्निको म्हणून छोटं गाव, तिथे 1842 पासून रीवा घराणं बोटी बांधायचं. सुरुवात पिएत्रो रीवाने केली, आणि आक्वारामावाला कार्लो हा त्याचा पणतू. कार्लोचे वडील सेराफिनो रेसिंगच्या बोटी बांधायचे, एकेक बोट वेगळी, आपल्याला हे लगेच कळतं कारण आपलाही धंदा तसाच, दर किचनचं माप निराळं आणि दर काकूंचा ओटा निराळा. पण कार्लोचं म्हणणं होतं की मॉडेल ठरवायचं, मापं पक्की करायची, आणि तीच बोट पुन्हा पुन्हा तितकीच चांगली बांधायची. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखाना त्याच्या हातात आला आणि त्याने तेच केलं. अमेरिकेतल्या क्रिस-क्राफ्ट या बोटीच्या कंपनीकडून इंजिनं मागवली, मागच्या बाजूला डबल इंजिन असलेली त्रितोने नावाची बोट आली, आणि 1962 साली मिलानच्या बोट शोमध्ये आक्वारामा.

नावाची गंमत ऐका. त्या काळी सिनेरामा नावाचा प्रकार गाजत होता, तीन प्रोजेक्टर आणि वळवलेला भलामोठा पडदा. या बोटीची पुढची काच तशीच रुंद आणि दोन्हीकडे वळलेली, म्हणून आक्वा, म्हणजे पाणी, अधिक रामा. आपल्याकडे लोक राम शोधतात त्यात, एक आजोबा तर फोटोला नमस्कार करून गेले होते, मी काही बोललो नाही.

सगळे म्हणतात, वा, हँडमेड, जुनी कारागिरी, आता असं कुठे मिळतं. मला ते अर्धंच पटतं. हाताचं काम आहेच, पण ही बोट सुंदर झाली ती एका माणसाने कारखाना शिस्तीत चालवला म्हणून. त्याने स्वतःचं ऑफिस बांधलं ते शिपयार्डवरून जाणाऱ्या मोठ्या कमानीवर, जहाज जिथून चालवतात त्या ब्रिजसारखं, नावच ला प्लांचा, म्हणजे तोच ब्रिज, वरून सगळं काम दिसणार. मी आमच्या सुताराला हे सांगितलं तर तो म्हणाला, बरं झालं आपलं छत पत्र्याचं आहे.

आता लाकडाबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय. लोकांना वाटतं सगळी बोट अखंड फळ्यांची असणार, पण महोगनी असली तरी रीवाने मरीन प्लाय, म्हणजे पाण्यात टिकणारं प्लायवूड, बिनदिक्कत वापरला. आता माझं गिऱ्हाईक मला प्लाय म्हटलं की नाक मुरडतं, सॉलिड सागवानच हवं म्हणतं. अहो, थरांवर थर, एकाची शीर उभी तर दुसऱ्याची आडवी, म्हणून ते फुगत नाही, फाटत नाही, पाण्यात राहायला अखंड लाकडापेक्षा किती बरं! किचनच्या सिंकखाली मी जे बसवतो त्याचंच श्रीमंत भावंड ते. (नातं लांबचं आहे, मान्य.)

आणि पॉलिश. व्हार्निशचे वीसेक हात, मध्ये घासाघाशी, पुन्हा हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत थांबायचं. हे वाचलं तेव्हा मला माझं एक डायनिंग टेबल आठवलं, ऐन जुलैमध्ये घाईने पॉलिश मारलं होतं, हवेत दमटपणा इतका की सकाळी बघतो तर सगळं पांढरं पडलेलं, दुधाची साय धरल्यासारखं. खरवडून पुन्हा केलं, पैसे माझेच गेले.

माणसं म्हणतात एवढा आव कशाला, आठ-साडेआठ मीटरची तर बोट. बरोबर आहे, आजच्या यॉटपुढे ती होडीच. पण मागच्या गादीवर तुम्ही उन्हात पसरायचं आणि त्या गादीखाली दोन व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरची, इंजिनं, हे डिझाइन म्हणून मला फार आवडतं, जागा अजिबात वाया नाही, आमच्या स्टोरेजवाल्या पलंगासारखं. फेरुच्चो लाम्बोर्गिनी, ज्याने आधी ट्रॅक्टर आणि मग स्पोर्ट्स कार बनवल्या, त्याने 1968 साली आपल्या आक्वारामात स्वतःची दोन बारा सिलिंडरची व्ही-ट्वेल्व्ह इंजिनं बसवून घेतली, प्रत्येकी साडेतीनशे हॉर्सपॉवर. ती बोट पुढे हॉलंडमध्ये दुरुस्त होऊन 2013 साली पुन्हा पाण्यात उतरली.

कार्लोने 1969 साली कंपनी अमेरिकन लोकांना विकली आणि थोड्याच वर्षांत बाहेर पडला. नंतर मालक बदलत गेले, 2000 साली फेरेत्ती ग्रुप या इटलीतल्या यॉट कंपनीने घेतली. फायबरग्लास आलं होतंच, तरी लाकडी आक्वारामा 1996 पर्यंत बांधत होते. त्यानंतर आली आक्वारीवा, तिचा बुडाचा भाग फायबरचा, वर महोगनीचा डेक, वारसा म्हणून. मला ती आवडते पण प्रेम नाही, सनमायकाला सागवान म्हणावं तसं काहीतरी. आता इटलीतल्याच ला स्पेझिया बंदरात ते प्रचंड मोठ्या यॉट बांधतात, त्याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही.

भाचा उत्तर इटलीतल्या बेर्गामो शहरात असतो, त्याच्याकडे गेलो तेव्हा सार्निकोला नेलं त्याने, एक संध्याकाळ. धक्क्याला एक आक्वारामा बांधलेली होती. मी वाकून डेकच्या पांढऱ्या रेघा बघत बसलो, किती सरळ आहेत ते, आणि एका कोपऱ्यात रेघ किंचित जाड झालेली सापडली तेव्हा इतका आनंद झाला की भाच्याला हाका मारून दाखवली. तो म्हणाला मामा, पाच तास प्रवास केला आपण एक चूक बघायला का? तास दीडच लागला होता खरं तर.

फोटो त्यानेच काढलाय. फ्रेम मात्र एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, आहे, पावसाळ्यात खालची कड फुगलीये.