पुढच्या मंगळवारी सगळं पुसलेलं

शनिवार, रात्री साडेअकरा

भाची सुट्टीत महिनाभर राहायला आलीय आणि तिने ‘ग्ली’ बघायला घेतलीय. माझ्याच लॅपटॉपवर, माझ्याच उशीला टेकून, वर मला शेजारी बसवून. मे २००९मध्ये ही मालिका अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली तेव्हा ही पोर पाळण्यात होती. सहा सीझन आणि १२१ भाग होऊन मार्च २०१५मध्ये ती संपली, तेव्हा हिला धड लिहिता-वाचताही येत नव्हतं. मी मात्र त्यातली बरीच वर्षं दर आठवड्याला नव्या भागाची वाट बघत काढली आहेत. ‘ग्लीक’ म्हणवून घ्यायचो आम्ही स्वतःला. आता लिहितानाही जरा लाजल्यासारखं होतंय.

ओहायोमधलं लायमा नावाचं गाव, तिथली मॅकिन्ली शाळा, आणि शाळेच्या उतरंडीत अगदी तळाला असलेला गाणाऱ्या मुलांचा गट. कॉरिडॉरमध्ये कोणीही यावं आणि त्यांच्या तोंडावर थंडगार स्लशी, म्हणजे बर्फाळ सरबत, फेकून जावं. भाचीला पहिल्यांदा ते बघून हसू आलं. मलाही आलं होतं. चौथ्या-पाचव्या वेळेला तिचं हसू थांबलं, हे मी कडेने बघितलं.

आज तिला सगळ्यात आवडला तो गटातल्या कर्टचा बाबा. टायरचं गॅरेज चालवणारा, टोपी न काढणारा बर्ट. पोरगा धीर गोळा करून सांगतो, मी गे आहे. आणि हा म्हणतो की तू तीन वर्षांचा होतास तेव्हापासून मला माहीत आहे. पुढे हेही म्हणतो की मला काही यात आनंद वाटतोय असं नाही, पण तू असा आहेस तर आहेस, माझं प्रेम तेवढंच आहे. भाची म्हणाली, “हा खोटं बोलत नाही म्हणून आवडला.” मी या प्रसंगावर त्या काळी पानंच्या पानं लिहिली असतील, पण इतकं नेमकं काही मला सुचलं नव्हतं.

सोमवार

काल व्हीलचेअरचा भाग झाला. नोव्हेंबर २००९चा. गटातल्या आर्टीला व्हीलचेअरसकट नेता येईल अशी बस हवी, शाळेकडे पैसे नाहीत, मग सगळी पोरं केक विकून पैसे जमवतात आणि स्वतःही रोज काही तास व्हीलचेअरवर बसतात. शेवटी सगळ्यांचा व्हीलचेअरवरचा नाच. मी तेव्हा ढसाढसा रडले होते. मग वाचनात आलं की अमेरिकेतले अपंग कलावंत या भागावर चांगलेच नाराज आहेत. केव्हिन मॅकहेल हा आर्टी झालेला नट चालता-फिरता, त्याआधी एका बॉय बँडमध्ये गाऊन-नाचून आलेला. त्यांचं म्हणणं सरळ होतं. व्हीलचेअर वापरणाऱ्या नटांना एरवी कुणी दारात उभं करत नाही, आणि जी एक भूमिका निघाली तीही त्यांना नाही.

मला तेव्हा राग आला होता. मालिकेचा नव्हे, त्या बोलणाऱ्यांचा! एवढं चांगलं काहीतरी करताहेत, त्यातही खोट काढायची? चाहत्याची बुद्धी ही अशी असते. आपल्या माणसाला कुणी बोललं की आधी बाह्या सरसावायच्या, मग ऐकायचं. त्याच भागात बेकी पहिल्यांदा येते. ती भूमिका करणाऱ्या लॉरेन पॉटरला स्वतःला डाउन सिंड्रोम आहे. म्हणजे एकाच तासात त्यांनी एक गोष्ट बरोबर केली होती आणि एक चुकीची, आणि दोन्हींवर टाळ्या वाजवून मी झोपले होते.

बुधवार, दुपार

भाची तापलीय. कारण सांताना.

गटातल्या या सांतानाचं ब्रिटनी या मैत्रिणीवर प्रेम आहे, पण हे कुणाला कळू नये म्हणून ती जिवाचा आटापिटा करतेय. आणि फिन, गोष्टीचा नायक, भर कॉरिडॉरमध्ये तिला त्यावरून सुनावतो. ऐकणारा ऐकतो, बातमी पार निवडणुकीच्या जाहिरातीपर्यंत जाते. पुढच्या भागात फिनच सगळ्यांना घेऊन तिच्यासाठी गाणी म्हणतो आणि शेवटी तीच त्याचे आभार मानते. “ती का थँक यू म्हणतेय? त्याने सॉरी म्हणायला नको?” भाचीने लॅपटॉप धाडकन मिटला. (माझा लॅपटॉप. पण ते असो.)

नोव्हेंबर २०११मध्ये आम्ही हेच, याच सुरात ओरडलो होतो. त्यातही जी मुली-मुलं स्वतः अशी लपून राहत होती, त्यांचा सूर वेगळा होता. आम्हाला अन्याय दिसत होता, त्यांना भीती वाटत होती. आपलं गुपित दुसऱ्याने फोडलं तरी शेवटी सगळं गोड होतं, हा धडा त्यांच्या वर्गातला एखादा फिनही बघतोय, ही ती भीती.

आणखी एक जुनं भांडण होतं. फिन आणि त्याची प्रेयसी रेचल ऊठसूट ओठाला ओठ लावणार, आणि या दोघी मात्र करंगळीत करंगळी अडकवून चालणार. चाहत्यांनी इतका गिल्ला केला की फेब्रुवारी २०१२मध्ये व्हॅलेंटाइनच्या भागात ती तक्रार गोष्टीतच आली. मुख्याध्यापक दोघींना बोलावून चुंबनावरून समज देतात आणि सांताना विचारते, मग त्या दोघांना कसं चालतं? त्या रात्री आम्हाला वाटलं, ऐकताहेत ते आपलं! त्या एका प्रसंगावर पुढची दोन वर्षं आम्ही तग धरला.

शुक्रवार, खूप उशीर झालाय

आज तो भाग. ‘ऑन माय वे’, २१ फेब्रुवारी २०१२. मी टाळणार होते, पण तिने क्रमाने लावला होता.

डेव्ह कॅरॉफ्स्की. कर्टला आधी छळणारा, मग त्याचं चुंबन घेऊन स्वतःच हादरलेला, मग शाळा बदलून गेलेला. नव्या शाळेत त्याचं बिंग फुटतं, लॉकरवर शिवी रंगवली जाते, इंटरनेटवर शिव्यांचा पाऊस पडतो आणि तो जीव द्यायला जातो. वाचतो. त्याआधी त्याने कर्टला कितीदा तरी फोन केलेले असतात. कर्टने घेतलेले नसतात.

नंतरचा हॉस्पिटलातला प्रसंग मला आजही भिडतो. कर्ट त्याला डोळे मिटून दहा वर्षांनंतरचा स्वतःचा दिवस बघायला सांगतो. त्या प्रसारणाच्या वेळी ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’ या मदत-संस्थेची जाहिरातही दाखवली होती, डॅनियल रॅडक्लिफची. संकटातल्या पोरांनी फोन कुठे करायचा ते सांगणारी. तेवढं त्यांनी जबाबदारीने केलं.

पण त्याच तासात गटाचे शूस्टर सर मुलांना आपली आठवण सांगतात, की गणिताच्या परीक्षेत कॉपी करताना पकडलो म्हणून मीही एकदा गच्चीवर गेलो होतो. भाची माझ्याकडे बघत राहिली. “हे सेम आहे?” आणि मग स्पर्धा. गाणी. ट्रॉफी. मग फिन-रेचलच्या लग्नाची धावपळ, आणि गाडी चालवता चालवता मेसेज लिहिणारी क्विन, आणि बाजूने येणारा ट्रक. काळा पडदा.

“एका भागात किती कोंबलंय,” ती म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. दिवा मालवल्यावर अंधारात विचारलं, “त्याने फोन का नाही घेतला?”

मी म्हटलं, “त्याला वाटलं, हा उगाच मागे लागलाय.”

“हं.”

तिचा फोन बराच वेळ चालू होता त्यानंतर. कुणाशी बोलत होती ते मी विचारलं नाही.

शनिवार

झोप लागली नाही. ‘ग्ली’चं आणि आमचं बिनसलं ते नक्की कशावरून, हे रात्री मनात घोळवत होते. हे विषय का घेता, असं म्हणणारे पालक आणि धार्मिक गट तेव्हा होतेच. चाहत्यांचं दुखणं ते नव्हतं. आम्हाला विषय हवेच होते. आमचं म्हणणं एवढंच की मंगळवारी आम्हाला रडवायचं आणि पुढच्या मंगळवारी फळा पुसून नवीन धडा, हे चालणार नाही. क्विनचा अपघात झाला, व्हीलचेअर आली, काही भागांत प्रॉमच्या नाचापर्यंत ती उभीही राहिली. पुढे गटात आलेल्या मार्लीने खाणं टाकलं, स्पर्धेत स्टेजवर कोसळली, आणि थोड्याच भागांत तो विषय विरघळला. गटातलाच रायडर सांगतो की लहानपणी माझ्यावर अत्याचार झाला होता, अत्याचार करणारी मुलगी होती. त्यावर वर्गातले दोन मुलगे म्हणतात, मग नशीबवानच की. किटी ही मैत्रीण त्याच्या बाजूने उभी राहते, आपलंही सांगते, आणि मालिका पुढच्या गाण्याकडे निघून जाते. हे सगळं आठवत बसायचं काम आमचं. कोण कधी काय बोललं, कुणाची जखम कुठे उघडी राहिली, याच्या चाहत्यांनी वह्या भरल्या. लिहिणाऱ्यांनी सोडून दिलेले प्रसंग स्वतः लिहून पुरे केले. कर्टला त्याच्या प्रियकराने, ब्लेनने, च्युइंगगमच्या कागदांची अंगठी दिली तो कापलेला प्रसंग वाचता यावा म्हणून वर्गणी काढून धर्मादाय लिलावातून पटकथा विकत घेणारी माणसं ही!

एप्रिल २०१३चा गोळीबाराचा भाग मला याच कारणासाठी बोचतो. अमेरिकेतल्या न्यूटाउनच्या शाळेतल्या हत्याकांडाला चार महिने झाले होते. गाण्यांच्या या मालिकेत कितीतरी मिनिटं गाणं नाही. अंधारलेली खोली, भिंतीला चिकटलेली पोरं, ताल मोजणाऱ्या मेट्रोनोमची टिकटिक. दिग्दर्शन म्हणून त्यांनी याहून चांगलं फार थोडं केलं असेल. आणि मग कळतं की पिस्तूल आणलं होतं बेकीने. डाउन सिंड्रोम असलेल्या, चार वर्षं आम्ही जिच्यावर जीव लावला त्या मुलीने. कोणाच्या माथी मारलं बघा. नोकरी जाते दोष अंगावर घेणाऱ्या चीअरलीडिंगच्या कोच सू सिल्व्हेस्टरची, आणि पुढच्या सीझनच्या आरंभीच ती शाळेत परत हजर. पहिले पाढे पंचावन्न.

आणि फिन. म्हणजे त्याची भूमिका करणारा कोरी मॉन्टिथ गेला. १३ जुलै २०१३, व्हँकुव्हर, हेरॉइन आणि दारू, वय ३१. ऑक्टोबरमध्ये त्याच्या निरोपाचा भाग आला. दर आठवड्याला एक सामाजिक प्रश्न हातात घेणाऱ्या मालिकेने फिन कशाने गेला हे सांगितलंच नाही. सुरुवातीलाच कर्ट म्हणतो की कसा गेला यात काय आहे, कसा जगला ते बोलू. यावरून चाहत्यांत उभी फूट पडली. व्यसनावर बोलायची हीच वेळ होती, असं अर्ध्यांचं म्हणणं. उरलेले म्हणत, रेचल झालेली ली मिशेल तिथे आपल्या खऱ्या प्रियकरासाठी गातेय, तिला आणखी काय सांगायला लावता? मी पहिल्या गटात होते, चांगली तावातावाने. आज नाही. त्या भागात कुणी काही शिकवत नव्हतं. माणसं नुसती रडत होती.

रविवार, सकाळ

काल हे सगळं लिहून झाल्यावर हुक्की आली आणि माळ्यावरून २०१२ची रोजनिशी काढली. फेब्रुवारीचं शेवटचं पान. कॅरॉफ्स्कीबद्दल तेव्हा आपण काय लिहिलं होतं ते बघावं म्हटलं.

काही नाही लिहिलेलं.

“क्विन मेली तर मी बघणं सोडणार!!! आणि आता सात आठवडे थांबायचं??? स्पर्धेतली गाणी ठीक. रेचलचा ड्रेस छान.” खाली गाण्यांना दिलेले गुण, दहापैकी. पुढची दोन-तीन पानं उलटली. नाही. एप्रिलमध्ये मालिका परत आली, ब्लेनचा भाऊ आला, त्याचं वर्णन आहे पाऊण पान. कॅरॉफ्स्की कुठे गेला, असा एका ओळीचा प्रश्नसुद्धा नाही. आणि शनिवारी मी ऐटीत लिहून बसले, की आठवत बसायचं काम आमचं.

कुणीतरी आठवत होतं, हे खरं. ती मी नव्हते. ज्यांच्या लॉकरवर काहीतरी रंगवलं गेलं होतं ती मुलं आठवत असणार. मी त्यांचं नंतर वाचलं, मला पटलं, आणि पटलेलं हळूहळू आपलंच वाटू लागलं.

पान तसंच ठेवलं. खोडलं नाही, खाली काही जोडलंही नाही.

मंगळवार, रात्र

भाची काल घरी गेली. तिसरा सीझन अर्धा राहिलाय. आत्ता मेसेज आला: “मावशी, तो कॅरॉफ्स्की परत कधी येतो?”

काय सांगू हिला? हा मुलगा पुढे थेट सहाव्या सीझनमध्ये उगवतो, जानेवारी २०१५ला, आणि तोही ब्लेनचा नवा प्रियकर म्हणून. ज्याला त्याने छळलं त्याच कर्टच्या ब्लेनचा. त्यावरून किती आदळआपट झाली होती. मधली तीन वर्षं त्याने काय केलं, कसा सावरला, याबद्दल जेमतेम दोन वाक्यं.

लिहिलं, “बऱ्याच उशिरा. आणि आला की तू चिडशील.”

लगेच उत्तर आलं. “किती उशिरा? भाग नंबर सांग.”