तुम्ही विचारलंत म्हणून: कॅबिनेट कापून खरंच फरक पडतो का?

माझ्या कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला मागच्या फॅनसमोर पत्र्याची जाळी नाही. तिथे सरळ गोल भोक आहे आणि त्यावर तारेचं गार्ड. समोरच्या पॅनेलचा मधला भागही कापून तिथे मोकळी जाळी बसवलेली आहे. हे ज्याच्या नजरेला पडतं तो विचारतोच: एवढी कापाकापी कशाला? आणखी दोन फॅन लावले असते तर भागलं नसतं का? मग जरा थांबून दुसरा प्रश्न येतो: आवाज बाहेर येऊ नये म्हणून कॅबिनेट बंद हवं ना? तुम्ही तर भोकं पाडलीत.

आधी दुसऱ्याचं उत्तर देते, कारण पहिल्याचं त्यातच आहे. बंद कॅबिनेट थोडा आवाज अडवतं हे खरं, पण अडवतं त्यापेक्षा जास्त आवाज ते स्वतःच करायला लावतं. आत हवा नीट येत नाही, तापमान चढतं, मदरबोर्ड फॅनला आणखी पळवतो. नाक चिमटीत धरून धावायला लावावं, तशी त्या फॅनची गत होते. धाप लागल्याचा आवाज तुम्हाला ऐकू येतो आणि तुम्ही म्हणता, फॅन खराब आहे, बदलायला हवा.

फॅनचं साधं गणित असं आहे. वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण 15 डेसिबलनी उतरतो. कानाला 10 डेसिबलचा उतार म्हणजे आवाज अर्ध्यावर आल्यासारखा वाटतो, म्हणजे 15 ही चांगलीच घसरण झाली. आता तसाच दुसरा फॅन शेजारी लावा. आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. हिशोब केला तर एका फॅनची हवा दोन फॅन निम्म्या वेगात देतात, तेही 12 डेसिबल कमी आवाजात. त्यामुळे ‘आणखी फॅन लावा’ हा सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. हे गणित चालतं ते फॅनपुढचा रस्ता मोकळा असेल तरच. कोंडलेल्या पॅनेलमागे तिसरा फॅन लावलात, तर आधीच्या दोघांना मिळणाऱ्या हवेतच तो वाटा मागतो.

हवा लागते तरी किती? समजा, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून 300 वॅट उष्णता टाकतात आणि बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेपेक्षा 10 अंशांनी जास्त गरम असलेली तुम्हाला चालते. मग ताशी साधारण 90 घनमीटर हवा पुरते. चांगला 120 मिलिमीटरचा फॅन पूर्ण वेगात याच्या आसपास हवा देतो. नॉक्टुआ कंपनीच्या एनएफ-ए12एक्स25 या फॅनच्या खोक्यावर मिनिटाला 2000 फेऱ्यांना ताशी 102 घनमीटर असा आकडा छापलेला असतो. म्हणजे कागदावर दोन फॅन आरामात, जवळपास न ऐकू येता, हे काम करू शकतात. पण खोक्यावरचा तो आकडा फॅनसमोर काहीही नसतानाचा आहे. तुमच्या कॅबिनेटमध्ये फॅनसमोर काय काय आहे ते एकदा टॉर्च मारून बघा.

पत्र्यात ठोकून काढलेली जाळी दिसते छिद्राछिद्रांची, म्हणून आपल्याला वाटतं हवा जात असेल. मोजून बघा. 4 मिलिमीटरची गोल भोकं, त्रिकोणी मांडणी, एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या भोकाच्या मध्यापर्यंत साडेपाच मिलिमीटर. यात मोकळी जागा निघते 48 टक्के. अर्ध्याहून जास्त पत्राच! समोरचं पॅनेल तर याहून वाईट असू शकतं. सपाट, चकचकीत, पुढून पूर्ण बंद आणि हवेला वाट फक्त दोन्ही कडांच्या फटींतून. फटी 1 सेंटीमीटर रुंद आणि 40 सेंटीमीटर उंच धरल्या तरी दोन्ही मिळून 80 चौरस सेंटीमीटर. एकट्या 120 मिलिमीटर फॅनच्या गोल तोंडाचं क्षेत्रफळच 100 च्या वर जातं, आणि त्या पॅनेलमागे असे दोन-तीन फॅन रांगेत उभे असतात.

अडथळ्याने हवा कमी होते हे पटकन पटतं. अडथळा स्वतः आवाज करतो हे मात्र ऐकल्याशिवाय पटत नाही. एक सुटा फॅन घ्या, चौकटीला धरून चालवा. मध्यम वेगात नुसती हवेची सळसळ ऐकू येईल. आता एखादा भोकाभोकांचा पत्रा हवा ओढणाऱ्या बाजूने हळूहळू जवळ आणा. चार-पाच बोटांच्या अंतरावर काही होत नाही. अगदी जवळ आलात की त्या सळसळीत एक सूर उमटायला लागतो, आणि पत्रा चौकटीला टेकला की तो सूर स्पष्ट घोंघावतो. फॅनचं प्रत्येक पातं जाळीमुळे विस्कटलेल्या हवेतून कापत जातं, म्हणून हा सूर. सात पात्यांचा फॅन मिनिटाला 1200 फेऱ्या मारत असेल तर तो येतो 140 हर्ट्झवर. सळसळीची कानाला सवय होते, एका सुराची होत नाही. आता पत्रा उलट बाजूला, हवा फेकणाऱ्या अंगाला धरा. आवाज होतो, पण बराच कमी. म्हणूनच हवा आत घेणाऱ्या फॅनसमोरची जाळी जास्त छळते, आणि कापणं शक्यच नसेल तर फॅन आणि पत्रा यांच्यामध्ये पाच-दहा मिलिमीटरची रिकामी चौकट घातली तरी पुष्कळ फरक पडतो. मोडक्या फॅनची पाती काढून उरलेली चौकट या कामाला उत्तम, फक्त स्क्रू लांब घ्यावे लागतात.

आता तुमच्या कॅबिनेटला हे लागू आहे का, ते करवत हातात घेण्याआधी तपासा. कॉम्प्युटरवर जड काम लावा आणि तापमान चढून स्थिर होईपर्यंत थांबा. पाच मिनिटांत घाई करू नका, हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) आणि आतली हवा तापायला वेळ घेतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्हींचे आकडे लिहून ठेवा, आणि खोलीचं तापमानही, नाहीतर दुपारच्या आणि रात्रीच्या आकड्यांची तुलना करून बसाल. फॅनचा वेग मधल्या काळात एकाच ठिकाणी बांधून ठेवा. मग समोरचं पॅनेल काढून तेच. मग ते लावून बाजूचं पॅनेल काढून तेच. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेटचा काही दोष नाही. थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहून नेणारा लेप), कूलरची बैठक, हीटसिंकमधली धूळ, यांच्याकडे वळा. सात-आठ अंश किंवा त्याहून जास्त उतरलं तर कॅबिनेट गुदमरतंय. समोरचं पॅनेल काढल्याने उतरलं की समोरून कापा. समोरचं काढून काही झालं नाही पण बाजूचं काढल्यावर उतरलं, तर गरम हवा बाहेर पडत नाहीये, मागचं भोक मोकळं करा.

मग बाजूचं पॅनेल कायमचंच उघडं ठेवलं तर? हाही प्रश्न ठरलेला. ग्राफिक्स कार्डला त्याने बरं वाटतं, पण पुढून मागे जाणारा हवेचा झोत मोडतो आणि मदरबोर्डवरच्या कोपऱ्यातल्या भागांवरून हवा फिरेनाशी होते. शिवाय धूळ, आणि तारांशी खेळणारी लहान मुलं. निदानापुरतं ठीक.

कापण्याचं काम अवघड नाही, पण त्याचा एक नियम मी कुणालाही मोडू देत नाही: कॅबिनेट पूर्ण रिकामं. मदरबोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), डिस्क, सगळं बाहेर, आणि दुसऱ्या खोलीत. ‘एवढ्याशा जाळीसाठी कशाला उचकायचं’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की लोखंडाचा कीस विजेचा वाहक असतो आणि तो एसएमपीएसच्या पोटात गेलेला दिसत नाही.

पत्र्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवा. रंग खरवडला जात नाही आणि आखणी स्पष्ट दिसते. 120 मिलिमीटर फॅनच्या स्क्रूच्या भोकांमधलं अंतर 105 मिलिमीटर असतं, 140 च्या फॅनचं 124.5. चार भोकं आखून कर्ण ओढले की मधोमध केंद्र मिळतं. तिथून 57-58 मिलिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. नवीन भोक पाडायचं असेल तर होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत), ड्रिलचा वेग अगदी कमी ठेवून, खाली लाकडाचा तुकडा धरून. जुनी जाळीच काढायची असेल तर एवढाही घाट नको: भोकांमधल्या पत्र्याच्या अरुंद पट्ट्या चांगल्या कटर पक्कडीने एकेक करून तुटतात आणि मग कड कानशीने गोल करता येते. वेळ लागतो, पण हात सरळ राहतो. जिगसॉ वापरणार असाल तर बारीक दात्यांचं, धातूचं पातं. लाकडाचं पातं पत्र्याला ओढून वाकवतं. गॉगल प्रत्येक वेळी. हातमोजे मात्र फक्त पत्रा उचलताना आणि कानस मारताना. फिरत्या ड्रिलजवळ हातमोजा अडकला तर बोटंही घेऊन जातो.

कानस मारल्यावर कडेवरून बोट फिरवू नका, कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तिथे अजून ‘बर’, म्हणजे कापताना उरलेला धारदार काटा, आहे. मग पॉलिश पेपर, उघड्या पडलेल्या लोखंडावर प्रायमर आणि रंग, आणि कडेला रबराची खाचेची पट्टी. ही पट्टी शोभेसाठी नाही, तारा त्या कडेवर घासतात. कीस काढायला चुंबक फिरवा, पण अ‍ॅल्युमिनियमचं कॅबिनेट असेल तर चुंबक काही उचलणार नाही, ओल्या फडक्याने दोनदा पुसायचं. भोकावर तारेचं गार्ड लावायचंच. तार गोल असते, हवा तिला वळसा घालून जाते, आणि बोटं व केबल पात्यांपासून दूर राहतात.

कुठे कापायचं यावर खूप वाद घालतात. गरम हवा वर जाते म्हणून छतालाच मोठं भोक हवं, असा एक आग्रह असतो. डब्यातल्या त्या अर्ध्या मीटर उंचीत गरम हवेचा स्वतःचा जोर फार किरकोळ असतो, मंद फॅनही तो सहज मोडतो. हवा जाते जिथे अडथळा कमी तिथे. म्हणून समोरून मुबलक आत, मागून बाहेर, मध्ये केबलचे गुंते नाहीत, एवढं पुरे. एटीएक्स, म्हणजे मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या आजच्या मापांचा ठराव, ही रचना 1995 ची आहे. त्या काळी गरम व्हायचा तो मुख्यतः प्रोसेसर. आज सगळ्यात जास्त उष्णता ग्राफिक्स कार्ड टाकतं आणि तेही बहुतेक वेळा कॅबिनेटच्या आतच, त्यामुळे समोरचा खालचा फॅन नेमका त्याच्या उंचीला आला पाहिजे. बाजूच्या पॅनेलला खिडकीसारखं भोक पाडून फॅन लावण्याच्या मी विरुद्ध आहे. कधी कधी कार्डाला फायदा होतो, पण तो फॅन तुमच्या कानाच्या बाजूला येतो आणि पातळ पत्र्यावर लटकून थरथरतो.

धूळ वाढेल का? वाढू शकते. आत येणारी हवा बाहेर टाकल्या जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटीफटींतून हवा बाहेर पडते, आणि आत येते ती फक्त तुम्ही फिल्टर लावलेल्या जागेतून. फिल्टर म्हणजे पुन्हा जाळीच, हे विसरू नका. तो धुवायला सोपा नसेल तर धुतला जाणार नाही, आणि न धुतलेला फिल्टर तुम्ही कापून काढलेल्या पत्र्याइतकीच हवा अडवतो.

आवाज शोषणाऱ्या फोमबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. बोटभर जाडीचा फोम वरच्या पट्टीतली सळसळ थोडी मऊ करतो. घुमणाऱ्या खालच्या सुरांना त्याचं काही वाटत नाही. पत्रा थरथरत असेल तर त्यावर ब्यूटाइलची (एका प्रकारच्या चिकट रबराची) जड पट्टी चिकटवणं अधिक कामाचं. तळहात पॅनेलवर दाबून धरा. आवाज बदलला तर पट्टीचा उपयोग होणार.

कापून झाल्यावर बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, फॅनचा वेग खाली आणायचा राहू देऊ नका. मदरबोर्डला काय माहीत तुम्ही पत्रा कापलाय! तापमान उतरलं की वेग थोडा आपोआप उतरतो, पण कोणत्या तापमानाला किती वेग, ही कंपनीने ठरवलेली चढण बहुधा भित्री असते. वेग सगळ्यात खाली आणा, मग तापमान बघत थोडा थोडा वाढवा. प्रोसेसरचं तापमान एका सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतं आणि कॅबिनेटचे फॅन त्याच्यामागे भुणभुण चढतात-उतरतात. स्थिर आवाजापेक्षा हे चढ-उतार जास्त त्रासाचे. बायोसमध्ये वेग वाढवण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय असेल तर ती पूर्ण वापरा. मदरबोर्ड किंवा सॉफ्टवेअर परवानगी देत असेल तर कॅबिनेटचे फॅन ग्राफिक्स कार्डाच्या तापमानाला बांधा, ते सावकाश हलतं.

एवढं करूनही एक बारीक घुमा उरला, तर फॅनचा वेग बदलून बघा. सूर हलला तर फॅनचाच. जागचा हलला नाही आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल तर तो तिचा आहे: 7200 फेऱ्यांची डिस्क 120 हर्ट्झवर घुमते, 5400 ची 90 वर, आणि अख्खं कॅबिनेट तिच्यासोबत. तिचे स्क्रू काढून तिला मऊ रबराच्या बैठकीवर ठेवा. हवेसाठी तिच्याभोवती थोडी जागा सोडा.