आमची वाटचाल: २४०झेडसाठी ३.१ लिटरचं इंजिन

डॅटसन २४०झेड ही निस्सानची स्पोर्ट्स कार १९६९ साली आली. जपानात ती फेअरलेडी झेड या नावाने विकली गेली. तिच्या लांब बॉनेटखाली एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं एल२४ इंजिन असतं: ८३ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ७३.७ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव), २,३९३ सीसी. कॅलिफोर्नियातल्या आमच्या छोट्या वर्कशॉपचं काम याच इंजिनाच्या ओव्हरहॉलिंगपासून सुरू झालं. आता बहुतेक गिऱ्हाइकांचं मागणं एकच असतं: इंजिन एल घराण्यातलंच राहू दे, सीसी मात्र वाढवा. त्याच पैशांत आठ सिलिंडरचं व्ही८ बसवून जास्त ताकद मिळते, हे आम्ही आधीच सांगतो. तरीही ज्याला सहा सिलिंडरचा तो आवाज हवा असतो, त्याच्यासाठी हे काम आहे.

पहिली पायरी सोपी होती. १९७५ पासूनच्या २८०झेडमधलं एल२८ इंजिन ८६ मिमी बोअर बाय ७९ मिमी स्ट्रोक, म्हणजे २,७५३ सीसीचं. ते जुन्या गाडीत मूळ माउंटिंगवर आणि मूळ गिअरबॉक्सला बसतं. त्याचं बोअर ८९ मिमी केलं की २,९४९ सीसी होतात. पुढे जायचं तर क्रँक, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणारा दांडा, बदलावा लागतो. निस्सानच्या एलडी२८ डिझेल इंजिनाच्या क्रँकचा स्ट्रोक ८३ मिमी आहे आणि तो एल२८ च्या ब्लॉकमध्ये बसतो. ८९ बाय ८३ म्हणजे ३,०९८ सीसी, हेच ते ३.१ लिटर. अमेरिकेत हे डिझेल इंजिन मॅक्झिमा गाडीत आलं होतं. आज त्याचा चांगला क्रँक मिळवायला शोधाशोध करावी लागते. पुढच्या टोकाला चेनचं चक्र आणि पुली नीट बसवण्यासाठी स्पेसर व थोडं मशीनिंग लागतं. क्रँक हातात आला की आधी तडे तपासतो, मगच ग्राइंडिंगला पाठवतो.

असं इंजिन नव्याने बांधणारे सगळ्यात जास्त फसतात ते उंचीच्या हिशेबात. ब्लॉकची उंची २०७.८५ मिमी. त्यातून अर्धा स्ट्रोक ४१.५ आणि एल२४ चा १३३ मिमीचा कनेक्टिंग रॉड वजा केला की ३३.३५ मिमी उरतात. गजन-पिनच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनच्या) मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंत एवढंच अंतर असेल, तर माथा ब्लॉकच्या पातळीला येतो. आम्ही याच मापाचे फोर्ज्ड पिस्टन करून घेतो. निस्सानच्या केए२४ इंजिनाचे ८९ मिमीचे तयार पिस्टन स्वस्त पडतात, पण ते साधारण ०.६५ मिमी वर डोकावतात. ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांमधल्या १.२ मिमीच्या गॅस्केटवर मग फक्त अर्धा मिमी जागा उरते. एल घराण्यातल्याच पी९० सारख्या, चेंबरभोवती सपाट कडा असलेल्या हेडखाली ते धोक्याचं आहे. तिथे जाड गॅस्केट घ्यावं लागतं. शिवाय ८६ च्या बोअरचं मूळ गॅस्केट ८९ ला चालत नाही. त्याची कडी सिलिंडरच्या आत येते, तापून लाल होते आणि नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचं अवेळी भडकणं, सुरू होतं. काही एल२४ रॉडना ८ मिमीचे बोल्ट असतात. ते रॉड आम्ही वापरत नाही, ९ मिमीवालेच घेतो.

पण सगळ्याच्या आधी ब्लॉक. ओतकाम करताना आतला गाभा जरा सरकलेला असेल, तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघते. बाहेरून पाहून ते कळत नाही. म्हणून बोअरिंगच्या आधी प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली आणि चारही दिशांना अल्ट्रासॉनिक मापकाने मोजतो. पिस्टन ज्या बाजूला दाबला जातो, त्या बाजूचं माप सगळ्यात महत्त्वाचं. ८९ मिमी केल्यावर तिथे ४ मिमीच्या आसपास भिंत उरणार नसेल, तर तो ब्लॉक ८७ लाच थांबवतो, गिऱ्हाईक कितीही आग्रही असलं तरी. पातळ भिंत गरम झाल्यावर फुगते, रिंग सील सोडते, आणि तेल जळायला लागलं की दोष रिंगांना दिला जातो. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) करताना हेडच्या जागी जाड पोलादी प्लेट ८० न्यूटन-मीटरला आवळतो, कारण हेडचे बोल्ट ताणले की बोअरचा आकार बदलतो. कोल्हापुरात बोअरिंगच्या कामावर उभं राहिलेल्यांना हे लगेच पटेल. वरच्या रिंगची फट बोअरच्या हजारास चार, म्हणजे ०.३६ मिमी.

हेड २ मिमी तासलं तर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) तेवढाच खाली येतो आणि चेन सैल पडते. त्यासाठी कॅमच्या टॉवरखाली त्याच जाडीचे शिम घालतो. जास्त लिफ्टसाठी घासून बनवलेल्या कॅमचं मूळ वर्तुळ लहान होतं, म्हणून व्हॉल्व्हच्या टोकावरचे लॅश पॅड, म्हणजे छोट्या चकत्या, जाड घ्यावे लागतात. त्यांची जाडी अंदाजाने ठरत नाही. रॉकरच्या (कॅमची हालचाल व्हॉल्व्हला देणाऱ्या दांडीच्या) पॅडवर निळा रंग लावायचा, क्रँक हाताने पूर्ण फिरवायचा आणि कॅमने रंग कुठून कुठपर्यंत पुसला ते पाहायचं. पट्टा रॉकरच्या पॅडच्या मधोमध हवा. कडेपर्यंत गेला तर लॅश पॅडची जाडी बदलून पुन्हा तपासायचं, असं बाराही व्हॉल्व्हना. यात घाई झाली की थोड्याच दिवसांत कॅमची नाकं झिजतात.

हेड उतरवताना चेनमध्ये लाकडी पाचर मारायला विसरू नका. चेनचा ताण राखणारा टेन्शनर बाहेर पडला, तर पुढचं कव्हर खोलल्याशिवाय तो परत बसत नाही.

इतक्या लांब क्रँकला पिळाची कंपनं असतात. ती शोषणाऱ्या डॅम्परचं जुनं रबर सुटलं की बाहेरचं कडं सरकतं, टाइमिंगची खूण खोटं बोलते आणि पुढे फ्लायव्हीलचे बोल्टही ढिले होतात. ३.१ लिटरच्या इंजिनावर आम्ही जुना डॅम्पर परत लावत नाही. ७,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग १९.४ मीटर प्रति सेकंद होतो. त्यापुढे आम्ही रेव्ह लिमिटर लावून देतो.

तेलपंप टर्बो एल२८ चा. कार्बोरेटर तीन वेबर ४५ डीसीओई, ३६ मिमीच्या चोकसह (हवेची अरुंद वाट). मेन जेटची (पेट्रोलच्या मुख्य छिद्राची) सुरुवात चोकच्या साधारण चौपटीने, म्हणजे १४५ ने करतो. मग डायनोवर (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मिश्रण पाहून बदलतो. ४५ सीसीच्या चेंबरवर कॉम्प्रेशन रेशो १०.८ च्या आसपास येतं, आणि इथल्या ९१ ऑक्टेनवर एकूण ३४ अंशांपुढे इग्निशन टाइमिंग नेत नाही. पाचव्या-सहाव्या सिलिंडरला पाणी कमी पोहोचतं, म्हणून हेडच्या मागच्या टोकापासून वेगळी पाण्याची लाइन काढतो.

पहिल्यांदा सुरू केल्यावर आयडलला सोडायचं नाही. झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं तेल भरून २० मिनिटं २,००० आरपीएमवर चालवायचं, म्हणजे नव्या कॅमला सुरुवातीपासून पुरेसं तेल मिळतं. मग तेल आणि फिल्टर बदलून, जुना फिल्टर कापून आत धातूचे कण आहेत का ते पाहतो. इंजिनासोबत गिऱ्हाइकाला सहाही सिलिंडरच्या भिंतींची मापं, बेअरिंगच्या फटी, लॅश पॅडच्या जाड्या आणि जेटचे आकडे लिहून देतो. पुढचा मेकॅनिक आमच्याकडचा नसला तरी त्याला तेच आधी लागतं.