फ्रिजवरचा कागद

सोमवारपासून डोक्यातून जातच नाहीये, म्हणून लिहून काढतेय.

फ्रिजवरचा तो कागद. अंथरुणांच्या घड्या 5, कपडे वाळत घालणं 10, ओला-सुका कचरा खाली नेणं 5, आणि मावशींचा खाडा असेल तेव्हा एका वेळची भांडी 30. ओवीला पोस्टात खातं काढायचंय. दहा वर्षं पूर्ण झाली की मुलांना स्वतःच्या नावावर काढता येतं, सुरुवातीला 500 रुपये भरायचे, तर ते तिनं कमवून भरावेत असं मीच म्हटलं. बाबा साताऱ्याला रयतच्या बोर्डिंगात राहून शिकले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला काढलेली संस्था, तिथं 'कमवा आणि शिका' म्हणजे खरोखर शेतात राबायचं आणि मग वर्गात बसायचं. ते ऐकत मी मोठी झाले, ओवीलाही त्यातलं थोडं कळावं एवढंच होतं मनात.

तर सोमवारी सकाळी मी डब्याच्या गडबडीत, मावशी सिंकपाशी, आणि ही टेबलवर वही घेऊन बसलेली. मोठ्यानं म्हणते, "आई, मावशींना भांड्यांचे 1200 ना? दोन वेळा, म्हणजे महिन्याला 60 वेळा. एका वेळचे 20 झाले. मग मला 30 का?"

नळ चालू होता, मावशींना ऐकू गेलं नसेल असं मी दिवसभर स्वतःला सांगत राहिले. पण गेलंच होतं, कढईवरचा हात थांबलेला मी बघितला होता.

ओवीवर ओरडले. नंतर लोकलमध्ये रडू आलं, दिवसभर मरमर करायची, पोरीला चांगलं वळण लावायला जायचं आणि वर हे. मी काही पैसे बुडवणारी बाई नाही. खाडे कापत नाही, दिवाळीला एक पगार जास्तीचा देते, घरेलू कामगार मंडळाचा फॉर्मसुद्धा मीच भरून दिला होता त्यांचा. हे सगळं मनात मोजत होते आणि मोजता मोजताच लक्षात आलं की 1200 चा भागाकार आपण कधी केलाच नाही. 30 लिहिताना हातसुद्धा अडखळला नाही. आपली पोर म्हणून 30. हेच सलतंय, बाकी काही नाही. सासूबाई म्हणाल्या मुलांसमोर पैशाचं बोलूच नये, त्यांचंही... असो.

मंगळवारी मावशींना म्हटलं, पुढच्या महिन्यापासून 1800. घरी नंतर सांगितलं, त्यावर काय झालं ते नको आत्ता. मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या, "पोरीला रागवू नका ताई, हिशोब बरोबरच केला तिनं. फक्त तिनं घासलेली कढई मला दुसऱ्या दिवशी परत घासायला लागते, रात्री गरम पाणी घालून ठेव म्हणावं." मला कितीतरी मोकळं वाटलं. लाज गेलेली नाही, पण त्यांच्याकडे बघून बोलता येतंय.

आज खाडा होता. ओवीनं कढईत गरम पाणी घालून ठेवलंय, सकाळी शाळेआधी घासणार म्हणते. कागदावरचे 30 खोडून तिनंच पेन्सिलीनं 20 केलेत. 500 ला अजून 85 कमी पडतायत.