आजचा दिवस लढाईच्या गेममधल्या ढालीच्या धडकेचा

६० एफपीएसवर (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) ३० फ्रेम तयारी, ४ फ्रेम मार, हुकली तर ४० फ्रेम सावरायला. तयारी १८ वर आणली की उरतात ३०० मिलिसेकंद. त्यातले २००-२५० माणसाला नुसतं बघून बटण दाबायलाच लागतात, वर नेटचा लॅग, म्हणजे उशीर. मग टाळणं म्हणजे निव्वळ अंदाज, आणि हे मला पटत नाही.

धडक लागल्यावर २८ फ्रेमचा फायदा, म्हणजे मारणाऱ्याला समोरच्याच्या तेवढं आधी हलता येतं: २४ फ्रेम तयारीचा हलका वार बसतो, ३० ची दुसरी धडक हमखास बसत नाही. म्हणून धडकांची साखळी तुटते.

खरा घोळ हिटबॉक्सचा (मार लागला का हे ज्यावरून ठरतं तो अदृश्य आकार). सर्व्हर ३० टिकवर, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच जागा तपासतो. ढाल एका टिकमध्ये ३० सेंमी सरकते आणि छातीतून आरपार जाते, टक्करच नोंदवली जात नाही! मागच्या जागेपासून आताच्या जागेपर्यंत स्वीप केलं, म्हणजे मधली सगळी वाट तपासली, तेव्हा कुठे धडक बसली.