तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या सायकलीला 40 हजार द्यावेत का?

"रिस्टोअर केलेली जुनी रॅले सायकल आहे, 40 हजार सांगतोय, घेऊ का?" सांगलीत हा प्रश्न आता इतक्यांदा येतो की एकदा नीट उत्तर लिहिलेलं बरं. नुसत्या रंगाला आणि क्रोमला एवढे पैसे देऊ नका. जे भाग आज सहजी मिळत नाहीत ते मूळचे आणि धड असतील, शिवाय आतलं काम खरोखर झालं असेल, तर मात्र ही किंमत जास्त नाही. हे तपासायला अर्धा तास, एक पाना आणि एक टॉर्च पुरते.

आधी सायकल कुठली ते बघा. हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए या नावांच्या सायकली इंग्लंडमध्ये झाल्या तशाच मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्समध्येही झाल्या. रॅलेचं नाव नॉटिंगहॅमच्या कारखान्यासोबत आसनसोलच्या सेन-रॅलेनेही लावलं. इथे बनलेल्या सायकली चालवायला कुठे कमी नाहीत, पण त्यांना विलायती भाव कशाला? बॅज आणि स्टिकर नवे करून मिळतात, त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. चेनव्हील, म्हणजे पेडलजवळचं दात्यांचं चाक, बघा. हंबर आणि रज याही जुन्या इंग्लिश कंपन्या. हंबरच्या चेनव्हीलमध्ये पळणारी माणसं असतात, रजच्या पंजा, रॅलेच्या बगळ्याची डोकी. बॅज एका कंपनीचा आणि चेनव्हील दुसरीचं असेल तर ती चार सायकलींची मिळून एक झालेली आहे. मागच्या चाकाच्या मध्यात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब असला तर त्याच्यावर 'एडब्ल्यू' या मॉडेलच्या नावापुढे वर्षाचा आकडा कोरलेला असतो. 52 म्हणजे 1952. विकणारा 1938 सांगत असेल आणि हब 1952 चा असेल, तर निदान मागचं चाक तरी बदललेलं आहे.

क्रोमबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण लोक फसतात ते इथेच. 1930 च्या आधी सायकलींना बहुतेक निकेल असायचं, त्याची झाक किंचित पिवळसर. महायुद्धाच्या काळातल्या कितीतरी सायकलींचे चकचकणारे भागही काळे रंगवून आले. म्हणजे 1925 ची सायकल आरशासारखी चमकत असेल, तर ती चमक आजची आहे. चांगल्या प्लेटिंगला जुना गंज पूर्ण काढून, बफिंग करून, आधी निकेलचा जाड थर द्यावा लागतो. त्याच्यावरचं क्रोम अगदी पातळ असतं. निकेलमध्ये काटकसर केली की एका पावसाळ्यात रिमला फोड येतात. सीटच्या स्प्रिंगा क्रोम केल्या असतील तर एक प्रश्न आवर्जून विचारा: प्लेटिंगनंतर भट्टीत भाजल्या का? अॅसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो. लगेच 190 ते 220 अंशांवर काही तास तापवून तो बाहेर काढला नाही, तर स्प्रिंग बसल्याबसल्या तुटू शकते. उत्तर देता आलं नाही तर समजा की कोणी भाजलेल्या नाहीत.

पावडर कोटिंगचं असं आहे की ते टिकाऊ असतं, पण जाड. फ्रेम नंबर बुजतो, जोडांच्या कडा बोथट दिसतात आणि खालची चीर झाकली जाते. हेडच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीच्या, जोडामागे फ्रेमच्या खालच्या नळीच्या पोटाखालून बोट फिरवा. उंचवटा किंवा सुरकुती लागली तर सायकल समोरून धडकलेली आहे. पुढचं काही बघू नका. उलट, ओरखडे पडलेला पण मूळचा एनॅमल रंग आणि हाताने ओढलेल्या सोनेरी रेषा शिल्लक असतील, तर त्या सायकलीला नव्या रंगाच्या सायकलीपेक्षा जास्त पैसे द्यावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. तो रंग एकदा घासून काढला की परत येत नाही.

आता क्रँक. दोन्ही क्रँक हातात धरून एकमेकांच्या उलट दिशेला हलवा. एकच हलला तर कॉटर पिन, म्हणजे क्रँकला एक्सलवर धरणारी खीळ, सैल आहे. दोन्ही मिळून बाजूला डुलले तर बीबीची (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे फ्रेममध्ये क्रँकचा एक्सल फिरतो ती जागा) वाटी किंवा एक्सल झिजलाय. सैल पिनवर सायकल चालवली की क्रँकचं भोक लंबगोल होतं आणि मग नवी पिनही धरत नाही. रॅलेत आणखी एक मेख आहे: तिच्या बीबीला इंचाला 26 आटे, इतर बहुतेक इंग्लिश सायकलींना 24. कोणीतरी पान्याच्या जोरावर 24 ची वाटी ठोकून बसवली की फ्रेमचे आटे जातात. वाटी तिरकी दिसतेय का बघा.

मूळ चाकांना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात, मोजून घ्या. रॉड ब्रेकचे रबर रिमला आतून, हबच्या बाजूने लागतात. त्यामुळे या चाकाचा वर-खाली आउट (फिरताना होणारी डगमग) काढलेला असणं सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर प्रत्येक फेरीला ब्रेक एकाच जागी धरतो. 28 बाय दीडचे टायर अजून मिळतात, ती काळजी नको.

सांगलीत घेत असाल तर हे विसरू नका. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात मारुती चौक, गावभागातल्या घरांत पाणी होतं, आणि सायकली तळमजल्यावरच असतात. बुडालेल्या सायकलीत गाळ सीटच्या नळीतून खाली उतरून बीबीत बसतो आणि फ्रेम आतून कुजते. बाहेर रंग ताजा असतो. सीट पोस्ट काढायला सांगा, टॉर्च मारा, सायकल उलटी करून लाकडी दांड्याने नळ्या ठोका. माती पडली किंवा पापुद्रे निघाले तर विषय संपला. पोस्ट निघतच नसेल तर ती आत गंजून धरलीय, म्हणजे सायकल पूर्ण उघडलेलीच नाही. मग रिस्टोअर कशाला म्हणायचं?

राहिला हिशोब. प्रत्येक वाटी, कोन, छर्रा धुऊन-बदलून, दोन्ही चाकं विणून केलेल्या कामाला 30 ते 40 तास सहज जातात. आपल्याकडच्या चांगल्या मिस्त्रीची तासाची मजुरी विचारा आणि गुणा. त्यात प्लेटिंग, रंग, टायर-ट्यूब आणि मूळची मोडकी सायकल किती पडली ते घाला. हा आकडा मागणीच्या जवळ येत असेल तर विकणारा फार कमवत नाही, घासाघीस करू नका. निम्माच येत असेल तर उरलेले पैसे कशाचे, हे त्याने भाग दाखवून सांगावं: मूळचं चेनव्हील, चालू डायनोहब (दिव्यासाठी वीज बनवणारा हब), न तडकलेली ब्रूक्स कंपनीची चामडी सीट. सीटवर रिव्हेटजवळ चिरा असतील तर तिची किंमत धरू नका.

रोज विश्रामबागहून मिरजेला जाण्यासाठी हवी असेल तर मात्र हे सगळं सोडा. भारतात बनलेली, रंग उडालेली पण सरळ फ्रेमची जुनी सायकल घ्या आणि वाचलेले पैसे टायर, छर्रे, ब्रेकचे रबर आणि एका नीट ओव्हरहॉलिंगवर घाला.